अकरा वाजताची अंघोळ

मी आजी झाले ही बातमी मला गटाराने दिली. इतरांना फोन येतो, नाहीतर कुणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभं राहतं. माझ्यासमोर सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी पडद्यावर एक पिवळी ओळ उमटली : 'कर्मचारी क्रमांक ७ शी पाव जुळणी, स्त्री. दूषण समजून वगळावे? हो / नाही.' कर्मचारी क्रमांक ७ म्हणजे मी, हर्षदा वाळिंबे, वय सत्तावन्न. हरणी नदी शुद्धीकरण प्रकल्पातली सर्वांत जुनी नमुना-तपासनीस, आणि माझ्यामागे लोक म्हणतात त्यावर विश्वास ठेवायचा तर सर्वांत खडूससुद्धा.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलं.

आमच्या शहरात हरणीला चौदा नाले मिळतात. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी एक यंत्र बसवलेलं आहे. त्याचं सरकारी नाव दीड ओळीचं आहे, आम्ही त्याला 'चुगलखोर' म्हणतो. पूर्वी आम्ही नाल्याचं पाणी बाटलीत भरायचो, प्रयोगशाळेत पाठवायचो, आणि आठवड्याने कागद यायचा की पाणी घाण आहे. ते नाकाला आधीच कळलेलं असायचं. घाण केली कुणी, हे मात्र कळायचं नाही. चुगलखोर नेमकं तेच सांगतो. तो दर तासाला नाल्यातून एक घोट पाणी घेतो, त्यातले जंतू आणि पेशी एकेक करून सुट्या करतो आणि प्रत्येकीतला डीएनए वाचतो. गोठ्यातले जंतू वेगळे, खाटीकखान्यातले वेगळे, रंगाच्या टाकीत वाढणारे आणखी वेगळे. तासाभरात नकाशावर गल्ली लाल होते आणि नोटीस जाते. या चुगलीच्या जोरावर चार वर्षांत तेरा नाल्यांचं घाण पाणी आम्ही बंद नळातून शुद्धीकरण केंद्राकडे वळवलं. राहिला होता एकच, चिंचबन नाला. तो माझ्याकडे होता.

आता गंमत अशी, की माणूस अंघोळ करतो, चूळ भरतो, तेव्हा त्याच्याही पेशी हजारोंनी पाण्यात जातात. चुगलखोर त्याही वाचू शकतो. कुणाच्या मोरीत कोण अंघोळ करतं हे सरकारला कळता कामा नये म्हणून कायदा झाला : मानवी पेशी वाचता क्षणी पुसायच्या. अपवाद फक्त आम्हा अकरा कर्मचाऱ्यांचा. यंत्र हाताळताना आमच्याच हाताची पेशी नमुन्यात पडली तर निकाल बिघडेल, म्हणून आमचा डीएनए यंत्रात नोंदवून ठेवलेला. आमच्याशी जुळणारं काही दिसलं की यंत्र विचारतं, वगळू का? आम्ही 'हो' दाबायचं, की नोंद पुसली जाते. पण कर्मचाऱ्याला नातेवाईकही असतात, हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या एका सहकाऱ्याची आई सातव्या नाल्याच्या वस्तीत राहायची. रोज सकाळी तिची ओळ आली की तो हसून "चला, आई उठली," म्हणायचा आणि 'हो' दाबायचा.

चिंचबनला यंत्र बसलं त्याच आठवड्यात माझ्या पडद्यावर ओळ आली : 'अर्धी जुळणी, पुरुष.' अर्धी जुळणी म्हणजे आई-वडील, सख्खं भावंड किंवा पोटचं मूल. माझे आई-वडील जाऊन खूप वर्षं झाली. मी एकुलती एक.

तो तन्मय होता.

नऊ वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता. बंगळूरला आहे असं कुणी म्हणायचं, कुणी दुबई म्हणायचं. आणि तो माझ्या घरापासून तीन किलोमीटरवर रोज सकाळी दात घासत होता. माझा फोन नंबर तोच आहे. घर तेच, दारावरची पाटी तीच. म्हणजे तो हरवलेला नव्हता. त्याला मी नको होते. हे मला त्या दिवशी कळलं आणि मी 'नाही' दाबलं. 'नाही' म्हटलं की नोंद पुसली जात नाही, पुढील तपासासाठी वेगळी ठेवली जाते. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून मोडलेला हा पहिला नियम.

भांडण कशावरून झालं तेही सांगून टाकते. नऊ वर्षांपूर्वी चुगलखोर नव्हता, पायपीट होती. एका वस्तीच्या विहिरीत क्रोमियम सापडलं होतं, पोरांच्या अंगावर चट्टे उठत होते. गटाराचं एकेक झाकण उघडायचं, ज्या बाजूने पिवळट पाणी येतं त्या बाजूला वळायचं, पुढचं झाकण उघडायचं. अशी तीन दिवस चालत मी एका पत्र्याच्या शेडपाशी पोचले. गाड्यांच्या भागांना चकचकीत मुलामा द्यायचं काम तिथे चालायचं. शेवटच्या झाकणाशी बाटली भरून उभी होते, तेवढ्यात शेडमधून तन्मय बाहेर आला. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. मला त्याने सांगितलं होतं की तो स्पेअर पार्टच्या दुकानात नोकरी करतो. दोन मित्रांबरोबर भागीदारीत त्याने ही शेड घेतली होती, बाविसाव्या वर्षी. आईला एकदम कळवून चकित करायचं होतं म्हणे. त्याचे बाबा तो दहावीत असताना गेले, त्यामुळे चकित करायला मी एकटीच होते.

तो माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत म्हणाला, "आई, महिनाभर दे. पाणी साफ करायचं यंत्र येतंय, पैसे भरलेत आम्ही."

मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, वेळ लिहिली आणि निघाले. आठ दिवसांनी शेडला सील लागलं. भागीदार पळाले. महिन्याभरात तन्मयने बॅग भरली. जाताना आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "तुला एक बाटली ओतून देता आली नाही, आई?"

मी बरोबर होते. त्या वस्तीतल्या पोरांचे चट्टे मी डोळ्यांनी पाहिले होते. पण हे मी कुणाला पटवून देत असते? घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

तर चौदा महिने मी चिंचबन नाल्याच्या तोंडाशी, पत्र्याच्या खोलीत, लेकाची ओळ बघत बसले. आणि पाचव्या महिन्यात ती पाव जुळणी आली. माझ्या अर्ध्याचं अर्धं. नात.

ती रोज अकराला यायची. मी हिशेब लावला : ओळ अकराला म्हणजे पाण्याचा घोट दहाचा, आणि नाल्यातून वाहत यायला अर्धा तास. म्हणजे साडेनऊला अंघोळ. कुणीतरी तिला पायांवर पालथी घालून तेल रगडत असणार, डाळीचं पीठ लावत असणार, आणि ती भोकाड पसरत असणार. मग धुरी, मग झोप. चुगलखोराने हरभऱ्याच्या डाळीचाही डीएनए दाखवला, तेव्हा मी एकटीच हसले. म्हणजे साबणाचा फेस नाही, पिठाचीच अंघोळ. सून कोण आहे ठाऊक नाही, पण कुणीतरी शहाणं माणूस घरात होतं.

अकराच्या आधी मी चहा करून ठेवायची. ओळ आली की पहिला घोट. घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये, जिथे लोक दुधाच्या खुणा करतात, तिथे एक टिंब. रविवारी अंघोळ तासभर उशिरा व्हायची. बहुधा तन्मय घालत असेल. त्याला लवकर उठायचा कंटाळा लहानपणापासूनच.

मला त्यात सुख होतं, हे लपवत नाही. नाल्याच्या काठी इतकं सुख मिळतं हे कुणाला सांगितलं असतं तर मला रजेवर पाठवलं असतं.

अडचण एकच होती. चिंचबन नाला बंद करायचा होता आणि त्यावर माझी सही हवी होती. एकदा पाणी बंद नळात गेलं की थेट केंद्रात जाऊन पडणार. तिथे पहिल्याच टाकीत ओझोन सोडतात, एक पेशी शाबूत राहत नाही. म्हणजे माझी सही झाली की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पडदा कोरा.

मी सबबी काढल्या. आधी म्हटलं निरीक्षणं अपुरी आहेत. मग म्हटलं उगमाकडचा एक झरा शोधायचा आहे. प्रकल्पप्रमुख इनामदारबाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण माझ्याशी अदबीने वागायच्या. शेवटी त्या स्वतः खोलीवर आल्या.

"वाळिंबेताई, तुम्ही नाला अडवून धरलाय असं कुणी मला सांगितलं तर मी त्याला वेड्यात काढीन. पण दोन महिने झाले. महाशीर माशांची पिल्लं टाक्यांत वाढून बसली आहेत. याच पंधरवड्यात नदीत सोडली तर जगतील. तेरा नाल्यांचं काम या एका नाल्यामुळे पाण्यात जातंय."

"पंधरा दिवस द्या," मी म्हटलं.

"दहा," त्या म्हणाल्या. जाताना पुन्हा वळल्या. "घरी सगळं ठीक ना?"

"घरी काय असायचंय?" मी म्हटलं. खरं तेच होतं.

आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी अकराची ओळ आली नाही.

वाटलं, उशीर झाला असेल. बारा वाजले, एक वाजला. दुसऱ्या दिवशीही नाही. तन्मयची ओळ रोज येत होती, म्हणजे घर सोडून कुणी गेलेलं नव्हतं. अंघोळ फक्त तिचीच होत नव्हती. आपल्याकडे बाळाला अंघोळ कधी घालत नाहीत हे कुणाला सांगायला नको. ताप. तिसरा दिवस कोरा. चौथ्या दिवशी तन्मयची ओळ पहाटे तीनलाही आली आणि पाचलाही. पोरगा रात्रभर मोरीत जात होता, फडकी पिळत असेल. चहा तसाच निवून गेला. आजारी नातवंडाच्या उशाशी आजी बसते. मी कुठल्या उशाशी बसू? मला तर घर ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी शेवाळेंना बोलावलं. रंगनाथ शेवाळे आमच्या गटार-सफाईच्या गाडीचे मुकादम. पंचवीस वर्षं आम्ही एकत्र झाकणं उघडली आहेत.

"तेलाचा अंश सापडलाय," मी खोटं बोलले. "गळती शोधायची आहे. छोटं यंत्र घ्या."

छोटा चुगलखोर खांद्याला अडकवता येतो. प्रत्येक झाकणाशी पंधरा मिनिटांत एवढंच सांगतो की आपण शोधतोय ते या फाट्यात आहे की त्या. शेवाळे पहारीने झाकण उचलायचे, दोरीने बाटली सोडायचे. मी पडदा त्यांच्याकडे पाठ करून बघायची. अर्धी जुळणी. डावीकडे. अर्धी जुळणी. सरळ. शाळेच्या मागून, पिठाच्या गिरणीवरून, एका गल्लीत.

"बाई, तेलाचा कुटंबी वास येत न्हाई," शेवाळे सहाव्या झाकणाशी म्हणाले.

"थोडं आहे."

"एवढ्याशा तेलासाटी तुमी हातमोजं उलटं घातल्यात."

मी बघितलं. खरंच उलटे घातले होते.

नववं झाकण एका तीनमजली इमारतीच्या कुंपणाशी होतं. त्याला फक्त त्याच इमारतीचं पाणी येत होतं. आठ घरं. शेवाळेंनी बाटली भरून वर ओढली, पुसली, माझ्या हातात दिली. एवढी बाटली वाचली की खात्री. मग जिना चढायचा, पाट्या वाचायच्या, बेल वाजवायची.

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर दोरीवर वाळत घातलेली दुपटी दिसली असती आणि मजला कळला असता. हातात भरलेली बाटली, पायाशी उघडं झाकण, समोर माझ्या लेकाचं दार. त्या शेडसमोर मी हुबेहूब अशीच उभी होते. तो दार उघडणार, आणि त्याला दिसणार की आई पुन्हा गटारातून माग काढत आली. या वेळी त्याच्या अंघोळीच्या पाण्यातून. काय सांगणार होते मी त्याला? तुझ्या लेकीला ताप आहे हे मला नाल्याने सांगितलं?

मी कुंपणाचा गज धरला. पण पाय पुढे टाकला नाही.

बाटलीचं बूच काढलं आणि पाणी झाकणातून परत खाली ओतून दिलं.

शेवाळे दोरी गुंडाळायचे थांबले. "नमुना ओतला बाई? तुमी?"

"लावा झाकण."

त्यांनी झाकण लावलं. पहार गाडीत ठेवता ठेवता त्यांनी एकदा इमारतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "माज्या थोरल्यानं पन दोन वरीस त्वांड दावलं न्हवतं," एवढंच म्हणाले. मग गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून सहा मिनिटांनी ओळ आली. पाव जुळणी, स्त्री. सोबत हरभऱ्याची डाळ. ताप उतरला होता. मी खोलीत एकटी बसून रडले, मोठ्याने. मग डोळे पुसून इनामदारबाईंच्या कागदावर सही केली. त्यानंतर 'नाही' म्हणून वेगळ्या ठेवलेल्या चौदा महिन्यांच्या सगळ्या ओळी उघडल्या आणि एकेकीला 'हो' दाबलं. दुपार त्यातच गेली. दूषण वगळलं.

नाला बंद झाला. घरच्या कॅलेंडरवर टिंबं थांबली. सुरुवातीला मी अकराला चहा करायची आणि ओतून द्यायची. मग तोही करायचं सोडलं.

नदी मात्र सुधारली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांदेखत सुधारली. आधी वास गेला. मग फेस गेला. महाशीर जगले. खंड्या पक्षी आला, त्याचा फोटो काढायला लोक आले. दीड वर्षाने नव्या घाटाच्या पायऱ्यांपुढचे पत्रे काढले आणि पाण्यात उतरायची परवानगी मिळाली. माझी बदली घाटावरच्या काचेच्या खोलीत झाली. तिथला चुगलखोर पाणी पोहण्याजोगं आहे की नाही तेवढंच बघतो, आणि जुळणी दाखवतो ती फक्त कर्मचाऱ्याची, पूर्ण; अर्धी-पाव नाही. आम्हा कर्मचाऱ्यांना पाण्यात हात घालायची मनाई कायम राहिली. एकतीस आणि दोन, तेहतीस वर्षं मी या नदीच्या काठी आहे. तिचं पाणी कधी अंगाला लागलं नाही.

घाट उघडला त्या रविवारी जत्रा लोटली. शेवाळे निवृत्तीनंतर घाटावर राखणदार म्हणून लागले होते, शिट्टी फुंकून फुंकून त्यांचा घसा बसला. मी वरून काचेतून बघत होते. डोकीच डोकी. तिशीतला प्रत्येक बाप कडेवर पोर घेऊन आलेला. कुठल्या चेहऱ्यावर नजर ठरवायची? नऊ नव्हे, आता अकरा वर्षं झाली होती. दाढी ठेवली असेल, चष्मा लागला असेल. मी हळूहळू बघायचंच थांबवलं.

सूर्य कलल्यावर गर्दी पांगली. शेवाळे जिना चढून वर आले. हातात लहान मुलाची पाण्याची बाटली, निळ्या झाकणाची. वर हत्तीचं चित्र. आत नदीचं पाणी.

"बाई, हे तुमास्नी द्यायला सांगितलंय."

"कुणी?"

"येक गडी हुता. चष्म्यावाला. कडंवर पोरगी, दोनेक वरसाची. लई येळ पोरीचं पाय पान्यात सोडून बसला हुता. उठल्यावर मला इचारलं, वाळिंबे बाई हितंच असत्यात का? म्या म्हनलं, वर काचंच्या खोलीत हाईत, जा की. तर म्हनला, नगं."

मी खुर्चीतून उठले होते. "मग?"

"मग पोरीची बाटली नदीत बुडवून भरली. म्हनला, एवढी त्यांना द्या." आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, असं वाटल्यासारखा शेवाळेंचा चेहरा झाला. "म्हनला, सांगा त्यांना, ओतली तरी चालंल."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. घाटावर दहा-बारा माणसं होती, त्यात तो नव्हता. रस्त्यापर्यंत गेले. रिक्षा, भेळेच्या गाड्या, फुगेवाला. नाही. परत येऊन पायऱ्यांवर बसले. बाटली मांडीवर धरली. झाकणाजवळ बोटांचे बारीक ठसे होते, तेलकट. अजूनही तेल लावतात तर.

ती बाटली मी तपासली नाही. ओतलीही नाही. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खाली ठेवली आहे, आणि कॅलेंडरवर त्या रविवारी एक टिंब काढलं आहे.

उद्या पुन्हा रविवार. मी सुट्टी टाकली आहे. चपला काढून तिसऱ्या पायरीवर बसणार, दोन्ही पाय पाण्यात सोडून, तो आला तर त्याला लांबूनच दिसेन अशी. वर काचेच्या खोलीत पडद्यावर ओळ येईल, कर्मचारी क्रमांक ७ शी पूर्ण जुळणी. येऊ दे.